द्राक्षमळ्यांवर पोसलेलं इस्पितळ

मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला दारूच्या लिलावाला घेऊन जाणार आहे. दचकलात ना? साहजिक आहे. पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसणारी बाई आपल्या गल्लीतही असते, आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या गालावरचा वळ आपण पाहिलेला असतो. तेव्हा वाईनची थोरवी गायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण हा लिलाव आहे एका इस्पितळाचा. गोरगरिबांसाठी बांधलेलं, पावणेसहाशे वर्षांचं जुनं इस्पितळ, आणि त्याच्या पदरी काय, तर द्राक्षांचे मळे! त्या मळ्यांची वाईन दर नोव्हेंबरात बोली लावून विकायची आणि पैसा इस्पितळाच्या खात्यात घालायचा. हे सगळं जिथं घडतं त्या गावाचं नाव बोन.

बोन फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात आहे. पॅरिसहून जलद गाडीनं दीड-पावणेदोन तासांत दिजाँ हे मोठं शहर येतं आणि तिथून साध्या गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांत बोन. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. दिजाँ सुटलं की त्या बाजूला बुटकी, लांबलचक टेकडी सुरू होते आणि तिच्या उतारावर द्राक्षवेलींच्या ओळी. नाशिक-सांगलीकडचे मांडवावर चढवलेले वेल डोळ्यांसमोर असतील तर ओळखूच यायचं नाही. इथले वेल जेमतेम कमरेएवढे, आणि इतके दाटीनं लावलेले की एका हेक्टरात दहा हजारांच्या आसपास मावतात! द्राक्षंही आपल्यासारखी टपोरी नव्हेत. काळी, बारीक, बियांची, पातळ सालीची. ताटलीत घालून पाहुण्यांपुढे ठेवण्यातली नाहीतच ती. त्या काळ्या जातीचं नाव पिनो न्वार आणि पांढऱ्या जातीचं शार्दोने.

गाव लहानसं आहे. जुन्या तटाच्या आत सगळं पायी फिरून होतं. दगडी रस्ते, मोहरीची चटणी विकणारी दुकानं (इथली मोहरी प्रसिद्ध आहे आणि ती दळण्याची जुनी गिरणी अजून चालते), चीजच्या दुकानांतून येणारा तो उग्र वास, आणि गावाच्या मधोमध ते इस्पितळ. त्याला म्हणतात ओतेल-दिय, म्हणजे देवाचं घर. रस्त्याकडून पाहाल तर निराशा होईल, कारण राखाडी रंगाची उंच भिंत आणि काळपट छप्पर यांपलीकडे काही दिसत नाही. पण दारातून आत चौकात पाऊल टाकलंत की तोंडून 'अगंबाई!' निघाल्याशिवाय राहणार नाही. छपरावर झिलई दिलेली कौलं, तांबडी, पिवळी, हिरवी, तपकिरी, आणि ती अशी बसवलेली की वाटावं कुणीतरी मोठ्या हौसेनं चौकटीचं विणकाम करून वर पसरलंय. चौकात लोखंडी नक्षीची कमान असलेली विहीर आहे. आज दिसतात ती कौलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्यानं घातलेली आहेत, पण थाट जुनाच.

हे बांधलं कुणी? बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ, या दोघांनी. बायको तिसरी, बरं का! ४ ऑगस्ट १४४३ रोजी त्यांनी इस्पितळाची सनद केली. त्या वेळी फ्रान्स शंभर वर्षांच्या लढाईनं पोळून निघालेला होता. पगार थकलेले सैनिक लुटारू होऊन गावंच्या गावं लुटत होते, त्यात दुष्काळ आणि साथी. बोनमधली बहुतेक माणसं कंगाल झाली होती. रोलँ मात्र गडगंज. धन्याचे तह करता करता स्वतःचीही तुंबडी त्यानं भरून घेतली होती. पुढे फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणाला म्हणे, की इतकी माणसं यानं भिकेला लावली, आता त्यांच्यासाठी घर बांधणं त्याला भागच होतं! राजाचा आणि बर्गंडीचा दावा होता, तेव्हा हा टोमणा तसाच समजून घ्यायचा. पण सनदेत रोलँ स्वतःच म्हणतो की पृथ्वीवरची नाशवंत दौलत देऊन मी स्वर्गातली कायमची दौलत घेतो आहे. म्हणजे परलोकाचा सौदाच की! हेतू काही असो, १ जानेवारी १४५२ ला पहिला रोगी दाखल झाला आणि १९७१ पर्यंत याच इमारतीत रोगी झोपत होते. आता तिथं संग्रहालय आहे, आणि चालतं इस्पितळ गावातच नव्या इमारतीत आहे.

गिगोनबद्दल मला अधिक कुतूहल होतं. मोठ्या माणसाच्या बायकोचं नाव दानपत्रावर असतं, पण त्यात तिचा जीव किती हे कळत नाही. हिचं कळतं. १४६२ मध्ये रोलँ वारला आणि ही बाई पुढची आठ वर्षं, मरेपर्यंत, या इस्पितळातच राबली. तिथल्याच प्रार्थनामंदिरात तिला पुरलंय. इस्पितळाच्या फरशीवर, भिंतींवर, पडद्यांवर एक अक्षरजोड सारखी दिसते, नवऱ्याचा 'न' आणि बायकोचा 'ग' एकमेकांत गुंतलेले. शेजारी 'सल' हा फ्रेंच शब्द आणि एक तारा. सल म्हणजे 'एकमेव'. माझ्या आकाशातली एकच चांदणी, असं रोलँनं बायकोला उद्देशून कोरून घेतलंय. तिसरेपणावर लग्न केलेल्या माणसानं! आपण हसायचं की भारावून जायचं, तुम्हीच ठरवा. मी दोन्ही केलं.

मोठ्या दालनाला 'गरिबांची खोली' म्हणतात. पन्नास मीटर लांब, चौदा मीटर रुंद, आणि छत इतकं उंच की मान दुखते. उलट्या ठेवलेल्या होडीसारखं लाकडी छत, आडव्या तुळया रंगवलेल्या, आणि प्रत्येक तुळईचं टोक एका राक्षसी मगरीच्या जबड्यात. वर मधून मधून माणसांची डोकी कोरलीत. ती गावातल्याच लोकांची थट्टेनं केलेली चित्रं आहेत असं सांगतात. खाली दोन्ही भिंतींना लागून एकूण २८ पलंग, त्यांना लाल पडदे, लाल पांघरुणं. आज दिसते ती मांडणी एकोणिसाव्या शतकात नीटनेटकी केलेली आहे. पूर्वी एका पलंगावर दोघं दोघं निजत. ऐकून नाक मुरडू नका. थंडीच्या दिवसांत शेजारच्या माणसाची ऊबही उपचारच होती. पडदे ओढले की थोडा आडोसा, उघडले की समोर दालनाच्या टोकाला देव. उठवत नसलं तरी पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी अशी रचना.

त्या देव्हाऱ्यावर पूर्वी एक मोठं चित्र असे. फ्लँडर्सचा चित्रकार रोजियर व्हान डर वायडन यानं काढलेलं 'अखेरचा न्याय'. आता ते शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जपून ठेवलंय. घडीच्या दारांसारखे त्याचे पाखे आहेत. एरवी ते मिटलेले असत आणि बाहेरच्या अंगाला गुडघे टेकलेले रोलँ आणि गिगोन दिसत. रविवारी आणि सणावारी पाखे उघडत. मध्ये तराजू घेतलेला देवदूत, एका बाजूला स्वर्गाचं सोन्याचं दार, दुसऱ्या बाजूला नरकात कोसळणारी उघडीनागडी माणसं. एकोणिसाव्या शतकात कुणा सोवळ्या डोक्यानं त्या माणसांना रंगानं कपडे चढवले होते, ते पुढे पुन्हा पुसून काढावे लागले! चित्र जगातल्या उत्तम चित्रांपैकी आहे, वाद नाही. पण तापानं फणफणलेल्या, आज-उद्यावर आलेल्या माणसापुढे रविवारच्या रविवारी नरक उघडून धरायचा, हे मला काही रुचलं नाही.

पुढच्या एका खोलीत फरशीत काच बसवलीय. खाली पाहाल तर पाणी वाहतंय. बुझेज नावाचा ओढाच इमारतीखालून नेलाय. इस्पितळाची घाण परस्पर वाहून जावी म्हणून. पंधराव्या शतकातली सोय! ही निराळी खोलीही कशी झाली ऐका. १६५८ मध्ये राजा चौदावा लुई आला, त्यानं बायका आणि पुरुष एकाच दालनात निजलेले पाहिले, त्याला ते खटकलं आणि वेगळ्या खोलीसाठी त्यानं पैसा लावून दिला. दोनशे वर्षं तिथल्या बायकांना हे खटकत नसेल का? पण राजाला दिसलं तेव्हा खोली झाली.

स्वयंपाकघरात मात्र मी मुक्काम ठोकला. भलंमोठं दुहेरी चुलाणं, तांब्याची लखलखीत भांडी, आणि गरम पाण्याचे हंसाच्या मानेसारखे वळलेले नळ. मांस भाजायची सळई आपोआप फिरवणारं एक यंत्र आहे, १६९८ सालचं, आणि त्यावर मुठा फिरवत असल्याचा आव आणणारा एक छोटा बाहुला. त्याचं नाव मेसीर बेर्त्राँ. वाटतं की सगळं तोच करतोय, प्रत्यक्षात काम करतात ती आतली चाकं. असे बेर्त्राँ आपल्याही ओळखीचे आहेत की नाही?

औषधालयात १७८२ सालच्या रंगीत मातीच्या बरण्या ओळीनं मांडल्यात. शंभराहून जास्त. प्रत्येकीवर आतल्या औषधाचं नाव. ओल्या दगडाखाली सापडणाऱ्या किड्यांची पूड, गोड्या पाण्यातल्या झिंग्याचे 'डोळे', आणि एका बरणीवर चक्क आपला कुचला! हो, तोच काजऱ्याच्या झाडाचा विषारी बी, आपले वैद्य शुद्ध करून वापरतात तो. हे झाड आपल्या दक्षिण आशियातलं, म्हणजे हा बी समुद्र ओलांडून या आडगावी पोचला होता. तो खल, त्या बरण्या आणि ती धाक घालणारी नावं पाहून मला आजोळच्या वैद्यांची फडताळं आठवली.

आता तुम्ही म्हणाल, वाईन कुठं राहिली? आलेच तिकडे.

इस्पितळ बांधणं सोपं, चालवणं कठीण. हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. वास्तुशांतीला सगळे येतात, महिन्याच्या वीस तारखेला कुणी येत नाही. रोलँनं सालँ गावच्या मिठागरांच्या उत्पन्नातून दरसाल हजार लिव्र बांधून दिले होते. (गिगोनचं माहेरचं नावच त्या मिठाच्या गावाचं.) पण रोगी वाढत गेले, मीठ पुरेना. मग १४५७ मध्ये गिलमेत लव्हेर्निए नावाच्या बाईनं आपला द्राक्षमळा इस्पितळाला दिला. मळ्यांच्या दानाची सुरुवात झाली ती अशी, एका बाईच्या हातून! रोख देतो तो एकदा देतो, आणि दागिना एकदा मोडला की संपला. मळा दरवर्षी देतो. गाभण गाय दान करावी तसंच ते. त्यानंतर साडेपाचशेहून अधिक वर्षं कुणी ना कुणी मळे देत आलं, आणि आज इस्पितळाकडे सुमारे साठ हेक्टर मळे आहेत, आणि तेही बहुतेक उत्तम प्रतीचे.

उत्तम प्रत म्हणजे काय, ते थोडं सांगते, कारण सगळी किंमत तिथंच आहे. देवगडचा हापूस म्हटला की आपण भाव जास्त देतो. तेच कलम दुसरीकडे लावलं तर तसं फळ येत नाही असं म्हणतो. बर्गंडीत हाच हिशेब वावभर जमिनीपर्यंत नेलाय. टेकडीच्या मधल्या उतारावरचा चुनखडीचा तुकडा वरचढ, खालचा सपाट तुकडा दुय्यम, आणि मधून नुसती एक पायवाट जाते! प्रत्येक तुकड्याला नाव, सीमा आणि दर्जा. जुन्या काळी मठांतल्या साधूंनी चाखून-पारखून हे ठरवत आणलं. १३९५ मध्ये ड्यूकनं फर्मान काढून भरघोस पण हलकं पीक देणारी गामे जातीची वेल उपटून टाकायला लावली, पिनो न्वार राहावी म्हणून. १९३६ मध्ये बोनच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. कुठल्या जमिनीतली, कुठल्या जातीची, किती उताऱ्याची वाईन 'बोन' म्हणून विकायची हे सरकारी नियमानं बांधलंय. गंमत म्हणजे खुद्द बोन गावच्या हद्दीत सर्वांत वरच्या दर्जाचा एकही तुकडा नाही, तिथले उत्तम ते दुसऱ्या पायरीचे. पण इस्पितळाला दान आलेले मळे आसपासच्या गावांतही आहेत आणि त्यांत कोर्ताँसारखे पहिल्या पायरीचेही आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोनं या सगळ्या तुकड्यांना जागतिक वारशात घातलं.

हे मळे वीस-बावीस कसबी माणसं सांभाळतात, प्रत्येकाला आपापला वाटा नेमून दिलेला. तोडणी हातानं. मळे आणि तळघर या सगळ्यांचा कारभार २०१५ मध्ये ल्युदिविन ग्रिव्हो यांच्याकडे आला. इतक्या शतकांत त्या जागी बसलेल्या त्या पहिल्याच बाई. मळा गिलमेतनं दिला आणि किल्ल्या बाईच्या कमरेला लागायला साडेपाचशे वर्षं गेली, हे आपलं माझं गणित.

मळ्यांची वाईन वेगवेगळ्या पिंपांत भरतात आणि त्यांना देणगीदारांची नावं देतात. अशी पन्नासेक नावं आहेत. निकोला रोलँ आहे, गिगोन द सालँ आहे, शार्लोत द्युमे आहे, रोग्यांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या नावानं 'दाम ऑस्पितालिएर' आहे. एक आहे 'डॉक्टर पेस्त'. पेस्त म्हणजे फ्रेंचमध्ये प्लेग! डॉक्टरांचं आडनावच प्लेग, आणि त्यांच्या नावाचं पिंप मात्र सगळ्यांना हवं असतं.

१८५९ पासून हा जाहीर लिलाव होतो. नोव्हेंबरातला तिसरा रविवार, इस्पितळासमोरच्या बाजाराच्या मोठ्या छपराखाली. जुनी पद्धत मोठी नाट्यमय होती. बोली सुरू असताना छोटी मेणबत्ती पेटवायची, ती विझेपर्यंत शेवटचा आकडा ज्याचा, त्याचं पिंप. पिंपं शेकडो असल्यावर तसं करत बसलं तर रात्र सरायची नाही. म्हणून आता हातोडाच वाजतो आणि मेणबत्ती एका खास पिंपापुरती उरलीय. २००५ पर्यंत घेणारे सगळे व्यापारी असत. त्या वर्षी क्रिस्टीज या लंडनच्या लिलाववाल्यांकडे काम गेलं आणि कुणाही माणसाला एखादं पिंप घेता येऊ लागलं. २०२१ पासून त्यांच्या जागी सदबीज आले. आता बोली टेलिफोनवरून आणि पडद्यावरूनही येतात, जपान-अमेरिकेतून.

आणि घेणारा घेतो काय, माहीत आहे? दोन महिन्यांपूर्वी झाडावर असलेल्या द्राक्षांचा कच्चा रस! नुकताच आंबलेला, पिंपात घातलेला. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्या. पिंप उचलून घरी नेता येत नाही. तिथल्याच व्यापाऱ्याच्या तळघरात ते वर्ष-दोन वर्षं मुरवायचं, मग बाटल्या भरायच्या. मुरांब्याच्या कैऱ्या आज विकत घेऊन बरणी दोन वर्षांनी हातात यावी तसंच. विक्रीआधी चाखायला देतात. मीही चमचाभर चाखली. आंबट, तुरट, जीभ आखडून गेली. शेजारचे गृहस्थ मात्र डोळे मिटून 'काय फळ उतरलंय!' अशा अर्थाचं काही पुटपुटत होते. असेल बाई. पिठल्याला फोडणी कशी बसलीय हे मला वासावरून कळतं, तसं त्यांना हे कळत असेल.

आता पैशाचं. एप्रिल २०२१ मध्ये कडाक्याचं दहिवर पडलं, कोवळे कोंब करपले आणि लिलावाला जेमतेम साडेतीनशे पिंपं आली. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, आठशे पिंपं निघाली आणि सुमारे तीन कोटी युरो जमा झाले. तोवरचा उच्चांक. म्हणजे सरासरी एका पिंपाला पस्तीस हजार युरोंहून जास्त, बाटलीमागे आपले नऊ-दहा हजार रुपये, आणि मुरवणं, भरणं, वाहतूक अजून व्हायचंच! साध्या बाजारात एवढा भाव येत नाही. धर्मकार्याचं नाव असतं, चारचौघांत मान मिळतो, म्हणून बोली चढते. आपल्याकडे गणपतीच्या प्रसादाच्या नारळाचा लिलाव पाहिलाय ना? तीस रुपयांचा नारळ पाच हजारांना जातो आणि घेणारा खूश असतो. तसंच.

त्या खास पिंपाचा पैसा इस्पितळाला जात नाही, दरवर्षी ठरवलेल्या बाहेरच्या संस्थांना जातो. २०१२ मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या पत्नी कार्ला ब्रुनी यांनी स्वतः उभं राहून ते पिंप २,७०,००० युरोंना विकलं. २०२० मध्ये करोनामुळे लिलाव डिसेंबरात ढकलावा लागला, त्या वर्षीचं पिंप इस्पितळांतल्या सेवकांसाठी होतं. २०२१ चं पिंप ८,००,००० युरोंना गेलं. आणि कुणासाठी? नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना आधार देणाऱ्या संस्थांच्या संघासाठी, आणि कर्करोगावर काम करणाऱ्या क्युरी इन्स्टिट्यूटसाठी. २०२२ चं ८,१०,००० युरोंना, त्या वेळच्या भावानं पावणेसात कोटी रुपये.

मारहाण झालेल्या बायकांसाठी दारूचं पिंप! वाचून तुमच्या मनात आलं असेल तेच माझ्याही आलं. मारणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात प्यालेले असतात. वाईन म्हणजे अमृत असं म्हणणाऱ्या फ्रान्समध्ये एका वर्षात, २०१५ मध्ये, दारूपायी ४१,००० माणसं दगावली, हा त्यांच्याच सार्वजनिक आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. १९९१ पासून तिथं दारूच्या जाहिरातींवर कडक कायदा आहे. म्हणजे त्यांनाही कळत नाही असं नाही. बोनच्या नव्या इस्पितळातही यकृत कामातून गेलेले रोगी येतच असणार, आणि त्यांच्या डोक्यावरचं छत ज्या पैशानं शाकारलं तो पैसा कुठून आला हे त्यांना ठाऊक असणार. त्यांतली एखादी बायको पलंगाशी बसून काय विचार करत असेल?

माझ्या पुतणीला मी हे विचारलं. ती तिकडेच असते. ती म्हणाली, "काकू, तीस हजार युरोंचं पिंप घेणारा माणूस घरी येऊन बायकोला मारायला म्हणून पीत नाही गं. स्वस्तातली दारू वेगळी." मला ते पटलं नाही. महाग दारू पिणाऱ्या घरांच्या भिंती जाड असतात, म्हणून आवाज बाहेर येत नाही इतकंच. पण मग उलटही विचार करून पाहिला. हे मळे इस्पितळानं विकून टाकले तर वेली उपटल्या जाणार आहेत का? छे! बर्गंडीत पहिल्या पायरीच्या एका हेक्टराला लाखो युरो पडतात, इतके की बाप मेल्यावर वारसाकर भरता भरता पोरांना मळा विकावा लागतो आणि कुणी धनाढ्य परका येऊन घेतो. इस्पितळाचे साठ हेक्टरही तसेच जातील, वाईन तेवढीच निघेल आणि पैसा एखाद्याच्या खिशात जाईल. आज तो यंत्रांना, इमारतींना आणि त्या रंगीत कौलांना जातो. औषधपाण्याचा रोजचा खर्च तिकडे सरकारी विमा देतोच, पण वरचा मोठा खर्च निघतो तो मळ्यांतून. गिलमेतचा हिशेब अजून चुकलेला नाही एवढं खरं. माझं मन मात्र शंभर टक्के निवळलं असं मी म्हणणार नाही.

लिलावाचे तीन दिवस गावात जत्रा असते. शनिवारी क्लो द व्हुजो या जुन्या मठाच्या वाड्यात लाल झगे घालून वाईनवाल्यांच्या मंडळाची मेजवानी, रविवारी लिलाव, आणि सोमवारी मर्सो या शेजारच्या गावात 'पोले', म्हणजे तोडणी संपल्याचं जेवण. १९२३ पासून ते या थाटात होतं आणि तिथं प्रत्येकानं आपल्या घरची बाटली आणून पंगतीत फिरवायची असते. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाची आमंत्रणं आपल्यासारख्यांना मिळणं कठीण. पण रस्त्यावरची गंमत फुकट आहे.

जाणार असाल तर लोकरीचं सगळं बरोबर घ्या. नोव्हेंबरात तिथं बोचरी थंडी आणि भुरभुर पाऊस असतो. मुक्कामाची खोली दिजाँला पाहा, कारण त्या आठवड्यात बोनमधले भाव पिंपांसारखेच चढतात. शाकाहारी असाल तर गुजेर मागा, चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत वडेच म्हणा ना, गरम गरम छान लागतात. अंडं असतं, पण मांस नसतं. तिथल्या मसाल्याच्या पावात आपल्या ओळखीचे वास सापडतील. गोमांस आणि अंडी दोन्ही वाईनच्या रश्शात शिजवण्याची तिकडे रीत आहे, तेव्हा ताट पुढे येण्याआधी विचारून घ्या. संग्रहालय एरवीही उघडं असतं आणि गर्दी नसताना गरिबांच्या खोलीत जास्त शांतपणे उभं राहता येतं. तिथून बाहेर पडताना दुकानात एखादी बाटली हातात घेऊन तिच्यावरची चिठ्ठी तरी वाचाच. वर इस्पितळाचं नाव, मग गावाचं आणि जमिनीच्या तुकड्याचं, खाली ज्यानं किंवा जिनं मळा दिला त्याचं, आणि सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरांत, लिलावात ज्यानं पिंप घेतलं त्याचं.